आधी उपाशी मेंदू ओळख

बाळा,

परवा वेताळ टेकडी उतरताना तू विचारलंस, "सर, अ‍ॅनोरेक्सियावर औषध शोधायचं तर सुरुवात कुठून करू?" मला दम लागला होता, म्हणून काहीतरी बोलून वेळ मारून नेली. स्वतःला उपाशी ठेवत वजन उतरवत नेणाऱ्या या आजाराबद्दल आता बसून लिहितो.

सुरुवात माझ्या फजितीपासून कर. नवीन होतो तेव्हा पेठेतली एक मुलगी आली होती, वजन जेमतेम ३४ किलो. आई कौतुकाने सांगे, सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं करते हो! मी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, डोस वाढवत नेला. ढिम्म फरक नाही. ते औषध सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोहोचवणारं रसायन, तयार करत नाही, असलेलं जास्त वेळ टिकवतं, एवढंच. सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून आणि ट्रिप्टोफॅन येतं ताटातून. टाकीत पाणी नाही आणि मी नळ दुरुस्त करत बसलो होतो.

हे स्पष्टीकरण मला इतकं आवडलं की पुढे काही वर्षं मी ते विद्यार्थ्यांना रंगवून सांगायचो. मग २००६मध्ये ९३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वजन भरून आल्यानंतर तेच औषध दिलं, तरी गोळी आणि नुसती साखरेची गोळी यांत फरक पडला नाही. माझी टाकी कोसळली.

गंमत म्हणजे बुलिमियात, म्हणजे अनावर खाऊन मग उलट्या वगैरे काढण्याच्या आजारात, हेच औषध रोज ६० मिलिग्रॅमला चांगलं चालतं. अनावर खाण्याच्या विकारासाठी अमेरिकेत २०१५ साली लिस्डेक्सअ‍ॅम्फेटामिनला मान्यता मिळाली. अ‍ॅनोरेक्सियासाठी तिथे मान्यता मिळालेलं औषध एकही नाही. ओलान्झापिन या मनोविकारांवरच्या औषधाने वजन थोडं वाढतं, पण डोक्यातला विचार तसाच राहतो.

आता खरी अडचण सांगतो. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते अन्नाची स्वप्नं बघू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातल्या घासाशी तासन् तास खेळू लागले. त्यांना कुठलाच खाण्याचा विकार नव्हता! मग आपल्या रुग्णात जे दिसतं त्यातलं आजाराचं किती आणि उपासमारीचं किती? भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी दिसलं की "कारण सापडलं" म्हणून धावत सुटू नकोस. चरबी उतरली की लेप्टिन उतरणारच.

जनुकं मात्र उपाशी राहून बदलत नाहीत, म्हणून मला तो रस्ता जास्त भरवशाचा वाटतो. २०१९च्या अभ्यासात सुमारे १७ हजार रुग्णांमधून जनुकसंचातल्या ८ जागा सापडल्या, आणि धागे निघाले ते मानसिक आजारांबरोबरच चयापचयाशीही. म्हणजे काही जणांचं शरीरच उपासाला वेगळं उत्तर देत असावं. निव्वळ हट्ट, नाहीतर आईची चूक, असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवत जा.

पण ते सगळे नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे, आणि तू बसली आहेस पुण्यात. आपल्याच गावचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता, पाहा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! लेप्टिन चरबीतून येतं. मग नुसत्या बीएमआयवर आपल्या मुली तिकडच्या मुलींशी कशा ताडून बघणार? तुझा प्रबंध इथून सुरू होऊ शकतो. आणि फॉर्मवर "जाड होण्याची भीती" हा रकाना रिकामा राहिला म्हणून कुणाला वगळू नकोस. आपल्याकडच्या मुली पुष्कळदा "पोट गच्च होतं" किंवा "उपास आहे" एवढंच म्हणतात.

गुरुवारी साडेआठला ओपीडीत येऊन बस. घरून पोहे खाऊन ये, दोन वाजेपर्यंत तिथे चहासुद्धा मिळत नाही.

तुझा,
सर