एसएपी ईसीसीवर नवीन लागलायस ना, मग एवढं बघ

अरे ईसीसी म्हणजे कंपनीचा हिशोब, पगार सांभाळणारं एसएपीचं सॉफ्टवेअर, स्क्रीन जुनाट दिसतात म्हणून त्याला नावं ठेवू नकोस, हिशोबात ते पक्कं आहे, पोस्ट झालेली एंट्री डिलीट होत नाही, एफबी०८ या कमांडने रिव्हर्सच करावी लागते, म्हणजे उलटी एंट्री टाकावी लागते, त्यामुळे ऑडिटला सगळा माग सापडतो. पगारवाढ मागच्या तारखेने टाकली तरी पेरोल फरक स्वतः काढतं, हे तर मला फारच आवडतं.

त्रास नियम बदलले की होतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंत प्रोफेशन टॅक्स माफ झाला, असं काही आलं की सपोर्ट पॅक (एसएपीकडून येणारं अपडेट) नाहीतर कन्सल्टंटची वाट बघत बसायचं. आणि ईसीसीच्या नव्या आवृत्त्यांचा (ईएचपी ६ ते ८) मेनस्ट्रीम मेंटेनन्स, म्हणजे एसएपीचा नेहमीचा सपोर्ट, २०२७ अखेर संपतोय, म्हणून तुमच्याकडचे झेड प्रोग्राम (कंपनीने स्वतःसाठी वेगळे लिहून घेतलेले) कोणते नि कशासाठी ते आत्ताच लिहून ठेव, पुढे नव्या सिस्टिमवर जाताना लागेल. पेरोल आधी सिम्युलेशनमध्ये (नुसतं चाचणी म्हणून) चालव, मगच लाइव्ह.