पॅरामोरचा पहिला अल्बम तेव्हा चालला नाही, मग आता मागे जाऊन ऐकण्यात काही अर्थ आहे का?

तू विचारलंयस की 'रायट!' ऐकून तुला पॅरामोर हा अमेरिकन रॉक बँड आवडायला लागला, पण तुझा घणसोलीचा मित्र म्हणतो की त्याच्या आधीचा 'ऑल वी नो इज फॉलिंग' म्हणजे नुसती नेट प्रॅक्टिस, तेव्हा कोणी ढुंकूनही बघितलं नाही त्याच्याकडे, तर मागे जाऊन ऐकू का नको. आणि तू ड्रम शिकतोयस असंही लिहिलंयस, त्याचं शेवटी सांगते.

ऐक. शफल बंद कर आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐक. दहाच गाणी आहेत, सगळी मिळून साधारण ३६ मिनिटं होतात, म्हणजे ठाण्याला गाडी सुटताना चालू केलास तर वाशीला उतरून स्टेशनच्या बाहेर पडेपर्यंत संपतो. मी ठाण्याची, कामाला वाशीला, त्यामुळे हा हिशोब मला पाठ आहे.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. आकड्यांच्या बाबतीत तो बरोबरच आहे. अल्बम अमेरिकेत आला २६ जुलै २००५ ला. हो, तीच २६ जुलै, आपल्याकडे ती तारीख म्हटली की सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आणि रुळांवरून चालत घरी आलेली माणसं आठवतात, तर त्याच दिवशी तिकडे हा अल्बम दुकानात लागला. बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या सगळ्यात खपणाऱ्या अल्बमच्या यादीत तो शिरलाच नाही, नवीन कलाकारांसाठी हीटसीकर्स म्हणून वेगळी यादी असायची तिच्यात ३० व्या नंबरपर्यंत गेला आणि बस. 'प्रेशर', 'इमर्जन्सी' आणि 'ऑल वी नो' ही तीन गाणी सिंगल म्हणून, म्हणजे वेगळी सुटी, काढली, व्हिडिओ आले, पण ज्याला हिट म्हणतात तसं काही झालं नाही.

पण चालला नाही म्हणजे चांगला नव्हता असं कसं म्हणायचं? तो अल्बम बाजारात आणलाच होता दबक्या पावलांनी. हेली विल्यम्स तेराव्या वर्षी मिसिसिपीहून टेनेसीतल्या फ्रँकलिनला राहायला आली, तिथे तिला फॅरो भाऊ भेटले, जॉश गिटारवाला आणि झॅक ड्रमवाला. २००३ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सने साइन केलं ते फक्त तिला, वय १४. कंपनीच्या डोक्यात होतं की हिला एकटीला पॉप गायिका म्हणून उभं करायचं, आणि ही पोरगी म्हणाली मला बँडमध्येच गायचंय. चौदा वर्षांच्या मुलीने एवढ्या मोठ्या कंपनीसमोर हे धरून ठेवणं ही मला अजूनही फार मोठी गोष्ट वाटते. मग कंपनीने मधला रस्ता काढला, अल्बम आणला फ्युएल्ड बाय रामेन या फ्लोरिडात सुरू झालेल्या छोट्या लेबलच्या (रेकॉर्ड कंपनीच्या) नावाखाली, आणि रेडिओवर पैसा ओतायच्या ऐवजी पोरांना व्हॅनमध्ये बसवून गावोगाव वाजवायला पाठवलं, नाव तोंडोतोंडी होऊ दे म्हणून. २००५ च्या वॉर्प्ड टूरला, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या रॉक महोत्सवाला, ते मेन स्टेजवर नव्हते, शिरागर्ल नावाचं मुली असलेल्या बँडसाठीचं एक छोटं वेगळं स्टेज होतं तिथे वाजवत होते. अशा पद्धतीने काढलेला अल्बम पहिल्या वर्षी चार्टवर दिसणार कसा.

त्यात नशीब असं की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच लेबलच्या घरातून पॅनिक अॅट द डिस्कोचा पहिला अल्बम आला आणि पुढच्या वर्षी तो सगळीकडे वाजत होता. फॉल आउट बॉयचा 'फ्रॉम अंडर द कॉर्क ट्री' पण २००५ चाच. त्या गर्दीत पॅरामोरचा अल्बम शांत वाटला असणार.

आणि पॉप पंकमध्ये, म्हणजे या वेगवान, गुणगुणता येणाऱ्या चालींच्या रॉकमध्ये, हे नेहमीचंच आहे रे, पहिल्या अल्बमवर बँड मोठा होत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवाला ग्रीन डे हा बँड आला तेव्हा ठाण्याहून काळे टीशर्ट घातलेली केवढी मंडळी दादरला गाडी बदलून गेली, मीही होते त्यात, आणि जाताना येताना सगळ्यांच्या तोंडात 'डूकी' नाहीतर 'अमेरिकन इडियट'. 'डूकी' हा त्यांचा तिसरा अल्बम, १९९४ चा. पहिला '३९/स्मूद' १९९० चा, लुकआउट नावाच्या छोट्या लेबलचा, त्याचं नाव त्या गर्दीत मला एकाच्याही तोंडून ऐकू आलं नाही. ब्लिंक-१८२ चा पहिला 'चेशायर कॅट' १९९५ चा आणि जगाने डोक्यावर घेतलं ते १९९९ च्या 'एनेमा ऑफ द स्टेट'ला, तोही तिसरा. त्या हिशोबाने पॅरामोर दुसऱ्याच अल्बमला वर आले, 'रायट!' जून २००७ चा, म्हणजे लवकरच म्हणायचं.

आता खरा मुद्दा, अल्बममध्ये आहे काय. रेकॉर्डिंग चालू होतं फ्लोरिडात ऑरलँडोला, आणि पोचल्यावर थोड्याच दिवसांत बेस वाजवणारा जेरेमी डेव्हिस बँड सोडून निघून गेला. या सगळ्यांची वयं बघ, हेली १६, झॅक १४, घरापासून लांब, पहिलाच अल्बम आणि आपल्यातला एक जण उठून गेला. त्यांनी ते लपवलं नाही, अख्खा अल्बम त्याच्यावरच उभा केला. कव्हर नीट बघ, मोबाईलवर बोटाएवढं दिसतं म्हणून मोठं करून बघ, एक लाल सोफा आहे, त्यावर कोणी बसलेलं नाही, आणि एक सावली निघून चाललीय. पहिलंच गाणं 'ऑल वी नो' त्याच धक्क्याचं आहे. (जेरेमी काही महिन्यांनी परत आला, 'रायट!'वर तोच आहे.)

म्हणून हा अल्बम 'रायट!'सारखा अंगावर येत नाही. 'रायट!'मध्ये हेली ओरडून भांडते, इथे ती आवाज आवरून गाते, उंच सूर लावते पण मिरवत नाही. २००५ मध्ये ज्यांना पटकन पकडणारा कोरस हवा होता त्यांना हे फिकं वाटलं असेल, आणि दुसरा कान असा होता की त्याला फक्त एक मुलगी गातेय एवढंच ऐकू आलं. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांचा बँड होता त्यातही असंच असायचं, मुलगी आली की ती गाणारच, गिटारचं तिचं म्हणणं कोणी विचारणार नाही. पॅरामोरला तर पुढे 'पॅरामोर इज अ बँड' असे टीशर्ट काढायला लागले, सगळं लक्ष हेलीवर जात होतं म्हणून. आणि पहिल्या अल्बमवर ते बँड आहेत हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. 'फ्रँकलिन'मध्ये जॉशचा आवाज हेलीच्या मागून येतो, दोघं मिळून आपलं गाव आता तसं राहिलं नाही असं काहीतरी बोलत बसल्यासारखे, गिटार पण अंगावर येत नाहीत. माझं या अल्बममधलं सगळ्यात आवडतं गाणं तेच आहे. आणि शेवटचं 'माय हार्ट', हळू सुरू होतं आणि शेवटी जॉश मागून अक्षरशः किंचाळतो, हेली त्याच्यावरून गात राहते. एवढ्या पोरवयात असं गाणं शेवटी ठेवायचं धाडस त्यांच्यात होतं.

आमच्याकडे हा अल्बम सीडी म्हणून आलाच नाही. २००८-०९ च्या सुमारास कोपरखैरण्याचा माझा मावसभाऊ होस्टेलच्या लॅनवरून पेन ड्राइव्ह भरून आणायचा, त्यात पॅरामोर नावाचं एकच फोल्डर, दोन्ही अल्बमची गाणी एबीसीडीप्रमाणे लागलेली, कव्हर नाही, साल नाही, काही गाण्यांच्या नावापुढे कुठल्या तरी वेबसाइटचं नाव चिकटलेलं. त्यामुळे 'मिझरी बिझनेस' संपलं की लगेच 'माय हार्ट' लागायचं, 'क्रशक्रशक्रश'नंतर 'इमर्जन्सी'. कुठलं आधीचं, कुठलं हिट, कुठलं पडलेलं, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आणि आमच्या ग्रुपमध्ये ब्लूटूथवर सगळ्यात जास्त मागितलं गेलेलं गाणं होतं 'प्रेशर', जे पहिल्या अल्बमचं आहे. तलावपाळीला संध्याकाळी कट्ट्यावर बसून एक इअरफोन दोघींत वाटून घेऊन आम्ही ते ऐकायचो, मैत्रिणीला इंग्लिश गाणी फारशी आवडायची नाहीत पण 'प्रेशर' परत लाव म्हणायची. तर ज्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हा कच्चा अल्बम आहे, त्यांना तो कच्चा वाटला नाही. मला तुझ्या मित्राला एवढंच सांगायचंय, की ती नेट प्रॅक्टिस वाटते कारण त्याने आधी 'रायट!' ऐकला आणि वर विक्रीचे आकडे वाचले.

सगळंच सोनं आहे असं नाही म्हणत. मधली 'नेव्हर लेट धिस गो', 'कॉन्स्पिरसी' ही गाणी पहिल्यांदा ऐकताना एकात एक मिसळतात, वेग सारखाच, गिटारचा पोत सारखाच. 'व्होआ' मला आजही हलकं वाटतं, समोर पब्लिक असताना ओरडायला ठीक आहे, घरी ऐकताना त्यात फार काही हाताला लागत नाही. आणि मिक्स असं आहे की गिटार आणि झांजा एकमेकांवर चढतात, स्वस्तातल्या इअरफोनवर तर जास्तच, जमलं तर बऱ्या हेडफोनवर ऐक. पण 'कॉन्स्पिरसी'ला एक संधी अजून दे, ते लिहिण्यात टेलर यॉर्कचं नाव आहे, तो या अल्बमवर वाजवत नाही पण आज बँडमध्ये आहे. म्हणजे आजचे तिघं, हेली, झॅक आणि टेलर, तिघांचाही हात पहिल्या अल्बमला लागलाय. मधे २०१० ला दोन्ही फॅरो भाऊ सोडून गेले, झॅक २०१७ ला परत आला, जेरेमी पुन्हा गेला, एवढी भांडणं झाली, तरी हे आहे.

नंतर लोक या अल्बमकडे उलट्या दिशेने येत गेले. 'मिझरी बिझनेस'मुळे आले, मग २००८ ला 'ट्वायलाइट' पिक्चरमधल्या 'डीकोड'मुळे आले (आपल्याकडे तर पॅरामोरची तोंडओळख निम्म्या मुलींना त्या पिक्चरमुळेच झाली असं मला वाटतं), मग २०२१ ला ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या 'गुड फॉर यू'च्या क्रेडिटमध्ये हेली आणि जॉशचं नाव टाकलं गेलं, 'मिझरी बिझनेस'शी साम्य आहे म्हणून, तेव्हा शाळेतली पोरं शोधत शोधत मागे गेली. माझी भाची त्यातलीच, ठाण्यातच राहते, तिने मला येऊन विचारलं मावशी तू 'इमर्जन्सी' ऐकलंयस का. अमेरिकेत या अल्बमला गोल्ड मिळालं २०१४ मध्ये, म्हणजे पाच लाखांचा टप्पा गाठायला नऊ वर्षं. ज्या अल्बमला लोक नऊ वर्षं विकत घेत राहतात त्याला कोणी ढुंकून बघितलं नाही असं म्हणता येत नाही.

आता ड्रम. झॅक रेकॉर्डिंगच्या वेळी १४ वर्षांचा होता हे डोक्यात ठेवून ऐक, तुझ्यापेक्षा लहान. सुरुवात 'प्रेशर'पासून कर, ठेका सरळ आहे, पण कडव्यात तो किती कमी वाजवतो आणि कोरसला किती मोकळा सुटतो तो फरक पकड, शिकणारे बहुतेक जण पहिल्या सेकंदापासून क्रॅश (मोठी झांज) बडवत बसतात आणि कोरसला वाढवायला काही उरत नाही. मग 'ऑल वी नो', मग 'इमर्जन्सी'. 'माय हार्ट' सगळ्यात शेवटी घे कारण त्यात हळू भागात हात आवरणं हे जोरात वाजवण्यापेक्षा अवघड आहे, वेग नकळत वाढतो, क्लिक (लय धरून देणारी मेट्रोनोमची टिकटिक) लावल्याशिवाय करूच नकोस. आधी गाडीत मांडीवर बोटांनी गाण्याची रचना पाठ करून घे, कडवं किती बारचं (आवर्तनांचं), कोरस कुठे येतो, कुठे थांबायचं, कारण जॅम रूमचे, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीचे, पैसे तासावर असतात आणि तो तास गाणं आठवण्यात घालवू नये.