श्रावणातला बांगडा

प्रश्न : ताई, मी गुहागरजवळचा, 11 वर्षं मस्कतला होतो. बायको तिथेच भेटली, फिलिपिन्सची आहे, नर्स होती, कॅथलिक. मुंबईत स्पेशल मॅरेज अॅक्टने रजिस्टर लग्न केलं, मग चर्चमध्ये पण. आता मुलाला घेऊन गावी आलोय. आईचं नि तिचं मस्त जमायचं, हिलाही पेज नि सुका बांगडा जीव की प्राण. पण श्रावणी सोमवारी हिने बांगडा भाजला आणि आई दोन दिवस बोलली नाही. आता यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर येतेय म्हणून नव्या सुनेचा पहिला ओवसा (गौरीपुढे सूप ओवाळणं) झालाच पाहिजे असं आईचं, आणि ही म्हणते आधी बाळाचा बाप्तिस्मा, लग्नात ठरलं होतं. आई म्हणते पोराला बाटवताय. काका म्हणतो अशा लग्नाने वाडीतला हिस्सा जातो. काय करू?

उत्तर : आधी काकांचं बघू, ते सोपं आहे. 1954 च्या त्या कायद्याने हिंदू माणसाने दुसऱ्या धर्मात लग्न केलं तर तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. विभक्त म्हणजे वेगळा, हिस्सा गेला असं नाही! काकांनी अर्धंच ऐकलंय (सोयीचं तेवढं). कागद घेऊन एकदा वकिलाला भेटा.

बाप्तिस्म्याचं मात्र तुमच्यावर येतं. अशा लग्नाला चर्चची परवानगी लागते, आणि तेव्हा कॅथलिक जोडीदार वचन देतो की मुलांना आपल्या धर्मात वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करीन. दुसऱ्याकडून वचन घेत नाहीत, पण त्याला हे सांगतात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मान डोलावली असणार, आणि आईला फोनवर सांगितलं असणार की होईल हळूहळू आपल्यातली. माझा अंदाज चुकला असेल तर कळवा, पण दोघी इतक्या ठामपणे भांडतायत त्या तुम्हीच दिलेल्या शब्दावर भांडतायत असं मला वाटतं. तर ओवशाच्या आधी आईजवळ बसून हे स्वतःच्या तोंडाने सांगा, बायकोला पुढे करू नका.

ओवसा म्हणजे काय ते तरी तिला कुणी नीट सांगितलंय का? सूप, त्यात फळं, भाज्या, पानं, सुपारी, गौरीपुढे ओवाळायचं, मग मोठ्यांना द्यायचं. सूप भरायला ती आनंदाने बसेल कदाचित, ओवाळणं तिला पूजा वाटेल आणि नको वाटेल. तिथे ती नाही म्हणाली तर नाही. ओवाळायला जाऊबाई-नणंद असेलच कुणीतरी.

आणि बांगड्याचं. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी तिच्याकडे मटण बंद असतं पण मासा चालतो, आणि आईच्या उपासाला मासाच बंद, त्यामुळे तिला त्यात चूक दिसलीच नसणार. हे आईला सांगा, हसेल ती. पुढच्या श्रावणात तिला खावासा वाटलाच तर मागच्या पडवीत भाजून द्या, अर्थात वास पुढच्या ओटीपर्यंत जाणारच.