भिंतीची नक्कल करू नकोस

अमूर्त चित्र करायचं म्हणून बदामीच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांचे फोटो मोबाईल भरून आणलेस, ते आधी बाजूला ठेव. तिथलं तिसरं लेणं इ.स. ५७८ चं. चित्रं फिकट, तुकड्यातुकड्यांत उरलेली. त्यातले चेहरे शोधून कॅनव्हासवर उतरवलेस तर ते कॅलेंडर होईल. रंग कुठं संपतो आणि उघडा दगड कुठं सुरू होतो, ती कड बघ. तुझं अमूर्त चित्र तिथं आहे.

हात बसवायला मात्र कावीपासून सुरुवात कर. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलास की जुन्या देवळांत दिसेल: पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर, आणि तो ओला असतानाच खरवडून काढलेली नक्षी. म्हणजे रंग लावण्याइतकंच काढणंही महत्त्वाचं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) वापरायचे, तेही एकदा नीट बघ.

मग घरीच ओल्या चुन्यावर रंगवून बघ. प्लायवूडवर जाळी ठोक, मुरवलेला चुना आणि चाळलेली वाळू यांचा गिलावा दे. हातमोजे घाल, चुना कातडी खातो. ओल्या गिलाव्यावर रंग नुसत्या पाण्यात कालवून लाव. डिंक, फेविकॉल काही नको. सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्यातच रंग पक्का होतो. गेरू, पिवळी माती, काजळी चालतात. खानापूरकडची तांबडी मातीही धुऊन, वस्त्रगाळ करून बघ. प्रशियन निळा टाळ, चुन्यात टिकत नाही.

एका वेळी फूटभरच गिलावा दे. आपल्याकडं उन्हाळ्यात तो भराभर सुकतो, म्हणून सकाळीच बस.