फॅमिकॉम घ्यायचाय? आधी पिना मोज

भावा, आपल्याकडे ज्याला सगळे टीव्ही गेम म्हणायचे, ती पिवळ्या कॅसेटवाली मशीन बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी गेम कन्सोलची कॉपीच, म्हणून कलेक्शन तिथूनच सुरू कर. फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ ला आला, तेव्हा अमेरिकेत गेमचा धंदा पार बसलेला, दुकानदार कन्सोलचं नाव काढू देत नव्हते, मग १९८५ ला तोच माल वेगळ्या खोक्यात एनईएस म्हणून नेला, सोबत रोबो पण दिला, खेळणं वाटावं म्हणून (डोकं बघ!). एनईएसमध्ये लॉकआउट चिप (नकली कॅसेट अडवणारी) टाकली, फॅमिकॉममध्ये ती नव्हतीच, कॉपीवाल्यांचं फावलं.

आता कामाचं. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, एनईएसची ७२, त्यामुळे घरातली जुनी कॅसेट एनईएसमध्ये डायरेक्ट बसणार नाही. गेमची बंदूक फक्त जुन्या डब्बा टीव्हीवर चालते, एलईडीवर कितीही नेम धर. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोड, पिना गंजतात, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड घे. फॅमिकॉमचं १९९३ चं एव्ही मॉडेल (एव्ही वायरने टीव्हीला जोडायचं) मिळालं तर तेच घे, जुन्यात फक्त अँटेनाचं कनेक्शन. आणि हो, जपानी अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या प्लगला चुकूनही लावू नको.