खाणीचा गाळ आणि लेकीची निवड

सप्रेम नमस्कार,

तुम्ही गोव्यातल्या डिचोलीहून लिहिलंय की मुलगी बारावी सायन्सला आहे. खाणीचा गाळ उतरून बिघडलेलं घरचं वायंगण (पावसाळ्यानंतरच्या भाताचं) शेत ती लहानपणापासून बघतेय आणि आता तिला झाडांनी माती साफ करायचं शास्त्र शिकायचंय. ‘यात पोट भरेल का?’ हा तुमचा प्रश्न.

भरेल, पण नुसत्या बी.एस्सी.वर नाही. एम.एस्सी.पर्यंत तरी तिला शिकवायची तयारी ठेवा.

हे काम किती संथ आहे ते तिने आधीच समजून घ्यावं. मोहरी मातीतला कॅडमियम हा विषारी धातू ओढते, टेरिस विटाटा हा नेचा (बिनफुलांची वनस्पती) विषारी आर्सेनिक पानांत साठवतो. पण हिशोब करून बघा. एका हेक्टरातली वरची 20 सेंटीमीटर माती साधारण 2,600 टन भरते. किलोमागे 1 मिलिग्रॅम कॅडमियम कमी करायचं तर 2.6 किलो बाहेर काढावं लागेल. वर्षाला 10 टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोला 20 मिलिग्रॅम धातू असला, तर 13 वर्षं लागतात. तो पाला गुरांना घालता येत नाही, शेणखईतही टाकता येत नाही, नाहीतर धातू फिरून शेतातच येतो.

तुमच्याकडचा गाळ मुख्यतः लोह-मँगनीजचा. लोह झाडांनी उपसून संपणार नाही. तिथे वाळ्यासारख्या खोल मुळांच्या गवताने डंपची (खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाची) माती जागीच धरायची, म्हणजे पावसात ती शेतात उतरत नाही. गोव्याला याची गरज जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

मृदाशास्त्रात जायचं तर बहुतेक ठिकाणी कृषी पदवीच लागते, म्हणून ते आत्ताच ठरवा. नाहीतर बॉटनी-केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., मग पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. आणि नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती देणारी परीक्षा. लखनौची एनबीआरआय (वनस्पती संशोधन संस्था), नागपूरची नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथे संशोधनाला वाव आहे. नोकऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळात, खाण कंपन्यांच्या पर्यावरण विभागात आणि सल्लागार संस्थांत असतात. केमिस्ट्री मात्र तिने सोडू नये. झाडाने धातू किती घेतला हे प्रयोगशाळेतच कळतं.

सुट्टीत तिला घेऊन जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, शेताच्या माती परीक्षणाची चौकशी करा. मृदा आरोग्य पत्रिकेत लोह आणि मँगनीज दोन्ही असतात. भाताच्या खालच्या पानांवर तांबूस ठिपके दिसले तर ती जास्त लोहाची खूण असू शकते, तेही तिला वहीत टिपायला सांगा.