ल्हासा की शिह त्झू? आधी त्याला भिजवा

तुमचा प्रश्न असा: ल्हासा अप्सो म्हणून घेतलेलं कुत्र्याचं पिल्लू आता ११ महिन्यांचं झालंय, डॉक्टर म्हणतात हे शिह त्झू वाटतंय आणि दातही उलटे आहेत, तर खरं कसं ओळखायचं? आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात केस पूर्ण उतरवावेत का?

दातांचं आधी सांगते, कारण ते वाचूनच मी चहा बाजूला ठेवला. ल्हासाचे खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या किंचित बाहेर, अगदी चिकटून बसतात. स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या ठरलेल्या वर्णनात, तसेच हवेत. अल्सेशियन आणि लॅब्रेडॉर तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते व्यंग वाटतं. शिह त्झूचा खालचा जबडाही थोडा पुढेच असतो, म्हणजे दातांवरून या दोघांत निवाडा होत नाही.

फरक तोंडावळ्यात आहे. ल्हासाच्या नाकाडाची लांबी साधारण ४ सेंटिमीटर, शिह त्झूची अडीच. ल्हासाचे डोळे मध्यम, लंबगोल, पांढरा भाग न दिसणारे. शिह त्झूचे मोठे आणि गोल, तुमच्याकडे बघतच बसलेले. ल्हासाची कवटी अरुंद, डोळ्यांच्या मागे उतरत जाणारी. शिह त्झूचं डोकं रुंद, गोल, आणि नाकावरचे केस वरच्या दिशेला उगवतात म्हणून चेहरा शेवंतीच्या फुलासारखा दिसतो. ल्हासाचे केस हाताला जड आणि राठ लागतात, रेशमी नाही. तिबेटातून चीनच्या दरबारात गेलेल्या कुत्र्यांपासून शिह त्झू घडला, त्यामुळे घोळ जुनाच आहे. इंग्लंडातल्या डॉग शोमध्ये १९३३ साली शिह त्झू अप्सोंच्याच वर्गात उभे केले होते, वेगळे झाले ते १९३४ मध्ये. तुमच्या डॉक्टरांना किंवा विकणाऱ्याला लगेच चोर ठरवू नका. विकणाऱ्याला थोड्या वेळाने ठरवा.

पण हे सगळं केसांखाली असतं, आणि केसांनी मलाच तीन वर्षं फसवलं होतं.

आमचं घर मंगळवार पेठेत. सासरी म्हशी होत्या. पहाटे गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर पिळायच्या. अशा घरात मी ल्हासा आणला तेव्हा थोरले दीर म्हणाले, "कुत्रं म्हंजे कारवान. ह्यो काय पायपुसणा आणलाय?" (कारवान म्हणजे आपल्याकडची शिकारी कुत्र्याची जात.) दिरांशी माझं हे भांडण तीस वर्षं चाललं. पायपुसणं म्हणे! तिबेटात दारात बांधलेला मॅस्टिफ असायचा आणि आत हा. मॅस्टिफला चुकवून कोणी आत आलाच तर भुंकून मठ उठवायचा. आमच्या घरी रात्री दोन वाजता परड्याच्या भिंतीवर कोणी चढलं तेव्हा भुंकला कोण, ते दिरांना विचारा. कारवान झोपला होता.

असो. तर १९९३ सालची गोष्ट. एका मैत्रिणीच्या भागीत माझ्याकडे एक नर होता, ताशी. मधासारखा रंग, केस जमिनीला टेकलेले, मधोमध भांग असा की फूटपट्टीने काढल्यासारखा. रोज दीड तास त्याच्यावर जायचा. कोरडे केस कधी विंचरायचे नाहीत, आधी पाण्याचा फवारा, मग थर उचलून कातडीपर्यंत कंगवा. डॉग शोच्या आधी महिनाभर केसांच्या बटा कागदात गुंडाळून रबर लावायचे. मुलीच्या वेण्या शेजारीण घालायची, हे मी अभिमानाने सांगत नाही.

मारुती व्हॅन करून आम्ही दोघी पुण्याला शोला गेलो. रिंगमध्ये चार ल्हासा. बाकीच्या तिघांचे केस बघून मैत्रीण म्हणाली, सर्टिफिकेट आपलंच. जज म्हातारे गृहस्थ. ताशीला टेबलावर उभा केला. त्यांनी केसांकडे पाहिलंच नाही. दोन्ही हात आत घातले, खांद्यापासून कोपरापर्यंत, मग बरगड्या, कंबर, मांड्या. ओठ उचलून दात पाहिले. मग सरळ पळवून परत आणायला सांगितलं, आणखी एकदा सांगितलं. आणि आम्हाला चौथं उभं केलं. चारात चौथं!

रिंग संपल्यावर मी त्यांना गाठलंच. ते म्हणाले, "बाई, केस पहिल्या नंबरचे आहेत. कुत्रा नाही."

परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत मी रडत होते आणि मैत्रीण त्या जजचा उद्धार करत होती. दुसऱ्याच्या कुत्र्याला ओळखीवर नंबर दिला, डोळे गेलेत, वगैरे. मीही होकार भरला.

दुसऱ्या दिवशी ताशीला परड्यातल्या नळाखाली घेतलं. सासरे, म्हणजे आमचे मामा, बाजल्यावर बसून तंबाखू मळत होते. पूर्ण भिजल्यावर ताशी अर्धा झाला. मामा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पोरी, ह्येचं फुडचं पाय खुट्ट्यागत उभं हाईत. खांदाच न्हाई ह्येला. आन् मागनं बघ, गुडघं एकमेकाला इचारत्यात."

मी म्हटलं, मामा, तुम्हाला म्हशीतलं कळतं, यातलं काय कळतंय?

"म्हस पाडव्याला बघायची नसतीया," ते म्हणाले. "शिंगं रंगवल्यात, मोरपिसं बांधल्यात, कवड्या घातल्यात, तवा सगळ्याच म्हशी चांगल्या. पंचगंगंतनं धुऊन भाईर आली की बघायची."

मी ताशीच्या खांद्यावर हात ठेवला. जे जजच्या हातांना दोन मिनिटांत लागलं होतं, ते माझ्या हातांना तीन वर्षांत लागलं नव्हतं, कारण माझ्या हातात कायम कंगवा होता. त्याच दुपारी कात्री घेऊन मी त्याचे केस दोन बोटं ठेवून उतरवले.

मैत्रीण संध्याकाळी आली आणि दारातच किंचाळली. भागीतला कुत्रा, विचारायला हवं होतं, हे तिचं म्हणणं बरोबर होतं आणि आजही आहे. मी म्हटलं, याला शोला न्यायचं नाही आणि माद्यांना लावायचंही नाही. ती म्हणाली, "लोक पिल्लू घेतात ते केस बघून. खांदा कोण बघतं?" चार दिवसांनी ती ताशीला घेऊन गेली. वर्षभरात केस परत आले. त्याच्यापासून तिने किती वेत घेतली (आमच्या घरात कुत्रीलाही वेतच म्हणतात) ते मी मोजलं नाही, पण पिल्लं खपली, सगळी.

त्यातलं एक राजारामपुरीतल्या ओळखीच्या घरी गेलं. सहा महिन्यांचं होऊनही वाढेना, घटाघटा पाणी प्यायचं, दिवसभर लघवी करायचं. त्यांना वाटलं उन्हाळा आहे. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, भलतंच वाढलेलं. मूत्रपिंडं आईच्या पोटात असतानाच नीट घडली नव्हती. ल्हासात आणि शिह त्झूत हा दोष पिढ्यांमधून येतो, आणि आईबाप दोघंही वरून ठणठणीत असू शकतात. पिल्लू वर्षाचं व्हायच्या आत गेलं. मैत्रिणीला सांगायला गेले तर म्हणाली, तू शोमध्ये हरलीस त्याचा राग काढतेस. त्यानंतर आमचं बोलणं नाही. आजही ती विकते. आता फोटोखाली "इंपोर्टेड लाईन" लिहिते.

मी पुढे परीक्षा दिली, रिंग स्टिवर्ड, म्हणजे जजची मदतनीस, म्हणून उन्हात उभी राहिले आणि २००४ पासून स्वतः जजिंग करते. माझ्या टेबलावर कुत्रा आला की मीही आधी हात घालते. हँडलर, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा धरणारी मंडळी, स्प्रे मारून पाठीची रेघ सरळ करतात, मानेवर केसांचा डोंगर उभा करतात. बोटं त्यातून आत गेली की डोंगर बसतो. तिबेटन टेरियरच्या बाबतीत तर मी पाय उचलून पंजाच बघते. मोठा, गोल, पसरट, बर्फावर चालायला केलेला पंजा नसेल तर वरचा गोंडा मला दाखवू नका. (नाव टेरियर असलं तरी तो टेरियर नाही, आणि तिबेटन स्पॅनियल स्पॅनियल नाही. ही नावं साहेबांनी ठेवली.) माझ्यावर चिडून गेलेल्या बायका मला दिसतात तेव्हा साताऱ्यापर्यंतचा रस्ता आठवतो, पण नंबर बदलत नाही.

आता तुमचे केस. मशीनने कातडीपर्यंत उतरवू नका. आतली मऊ लव आणि बाहेरचे राठ केस हे त्याचं छप्पर आहे, उन्हातही. दोन बोटं ठेवून कापा, घरच्या कुत्र्याला ते उत्तम. शोला न्यायचं नसेल तर लांब केस ठेवण्यात मला काही पुण्य दिसत नाही. आणि कोल्हापुरात खरा त्रास एप्रिलचा नाही, जुलैचा आहे. आतली लव ओली राहते, गाठी होतात, गाठीखाली कातडी सडते आणि वास आल्यावरच कळतं. पावसाळ्यात फिरवून आणलं की कातडीपर्यंत वाळवा, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड बघा. ११ महिने हे केस बदलायचं वय आहे, सध्या गाठी जास्त होणारच.

दोन गोष्टी राहिल्या. नाकाडाचं माप मी सांगितलं, पण ११ महिन्यांच्या कुत्र्यात आणि मिश्र पिल्लात ते मधलंच कुठेतरी येऊ शकतं. तेव्हा पट्टी घेऊन विकणाऱ्याच्या दारात जाऊ नका, रजिस्ट्रेशनचे कागद आणि आईबापांचे रजिस्ट्रेशन नंबर मागा. आणि मी वर मैत्रिणीबद्दल जे लिहिलं त्यात ताशीचा खांदा आणि त्या पिल्लाची मूत्रपिंडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत आहे. वाकडा खांदा मूत्रपिंड बिघडवत नाही. ती ज्या डोळ्यांनी एक बघत नव्हती त्याच डोळ्यांनी दुसरंही बघत नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

तुमचं पिल्लू पाणी किती पितं ते एक आठवडा मापून ठेवा. जास्त वाटलं तर रक्त आणि लघवी तपासून घ्या, ल्हासा निघो की शिह त्झू.

आणि फोटो टाका. एक समोरून, कपाळावरचे केस मागे धरून. एक ओठ उचलून दातांचा. एक बाजूने, अंघोळ घालून निथळत असताना. विंचरून, क्लिप लावून काढलेला फोटो पाठवलात तर मी उत्तर देणार नाही.